फुगडी, वय वर्षे तीस

“पोट आत घे,” इंदूआत्या म्हणाल्या आणि त्यांनी नऊवारीची गाठ अशी आवळली की मी दोन पावलं पुढे गेले.

“आतच आहे, आत्या.”

“आहे होय?” त्यांनी वाकून खात्री करून घेतली. “मग एवढा घोळ मी कुठं कोंबू? निम्म्या निऱ्या उरल्यात की गं!”

निऱ्या उरल्या! मला कुणी सोन्याच्या पाटल्या हातात घातल्या असत्या तरी मी इतकी हरखले नसते. आत्या बिचाऱ्या वैतागल्या होत्या. साडी सोडून पुन्हा नेसवायची म्हणजे दहा मिनिटं जाणार, आणि भटजी बाहेर येऊन बसलेले. पण मी आरशात बघून अशी हसत होते की त्यांना वाटलं, पोरगी नव्या लग्नाची आहे, चालायचंच.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला मंगळवार होता आणि मिरजेच्या एका कार्यालयात माझी सासरची मंगळागौर होती. लग्नाला पाच महिने झाले होते. माहेरची मंगळागौर आधीच्या मंगळवारी पुण्यात झाली होती, पण ती घरातल्या घरात, आईच्या देखरेखीखाली, नुसती पूजा. खरी हौस मिरजेला. सासूबाईंनी साठ-सत्तर बायका बोलावल्या होत्या. सकाळी पूजा, दुपारी जेवण आणि चार ते आठ खेळ. पूर्वी रात्रभर जागवायचे म्हणे, आता आठ वाजता कार्यालयवाला किल्ल्या खुळखुळवत येऊन उभा राहतो.

मला त्या चार ते आठचे वेध लागले होते. मला फुगडी खेळायची होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? फुगडी कुणीही खेळतं. नाही हो, कुणीही नाही खेळत. मी नऊ वर्षांची असताना मावसबहिणीच्या मंगळागौरीला फुगडीला उभी राहिले होते. समोरची मुलगी माझ्या निम्म्या वजनाची. दुसऱ्याच गिरकीला तिचा हात सुटला आणि मी थेट हळदीकुंकवाच्या तबकावर जाऊन बसले. तबक चेपलं, मी हळदीनं पिवळी झाले आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. वाईट कुणीच नव्हतं त्यात, पण मावशी म्हणाली, “उत्तरा, तू आपली भिंतीशी बस बाळ, गाणी म्हण. तुझा आवाज छान आहे.” झालं. त्या दिवसापासून मी भिंतीशी बसले ती एकवीस वर्षं. लग्नं, डोहाळजेवणं, शाळेतल्या सहली, गणपतीतले नाच, सगळीकडे मी टाळ्या वाजवणारी. माझ्याइतक्या चांगल्या टाळ्या आख्ख्या पुण्यात कुणी वाजवत नसेल.

मग लग्नाच्या अडीच वर्षं आधी मी ऑपरेशन करून पोटात एक पट्टा बसवून घेतला. अंगठीसारखा गोल, सिलिकॉनचा. जठराच्या वरच्या बाजूला तो असा बसतो की वर एक इवलीशी वाटी तयार होते. ती वाटी भरली की पोट भरलं. कातडीखाली बटणाएवढी एक झडप असते, तिच्यातून डॉक्टर सुईनं थोडं पाणी घालतात आणि पट्टा हवा तेवढा आवळतात. जादू वगैरे काही नाही. चालावं लागतं, पोहावं लागतं, चार घासांत उठावं लागतं, आणि प्रत्येक घास असा चावावा लागतो की शेजारचा माणूस जेवून हात धुऊन येतो.

पण काय सांगू, त्या अडीच वर्षांत रोज काहीतरी नवीन सापडायचं. एकदा चपलांच्या दुकानात मी वाकून स्वतःच्या हातानं सँडलचा पट्टा लावला. लावला, सोडला, पुन्हा लावला. चार वेळा. दुकानदार म्हणाला, “ताई, चावतंय का कुठे?” त्याला काय सांगणार! रिक्षात मी तिसरी म्हणून बसले तेव्हा आधीच्या दोघी सरकल्या नाहीत, कारण सरकायची गरजच पडली नाही. हात असलेल्या खुर्चीतून उठले तर खुर्ची माझ्याबरोबर उठली नाही. जिना चढताना फोनवर बोलता येतं, हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं. आणि खाण्याची हौस म्हणाल, तर ती कुठेही गेली नाही. उलट, चारच घास खायचे म्हटल्यावर प्रत्येक घासाचं कौतुक वाढतं. आमटीत गूळ कोकमाच्या आधी पडला की नंतर, तेसुद्धा मला कळायला लागलं होतं.

हे सगळं माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून विचारलं होतं, “मग आता अर्धी भेळ मी खाऊ का?” मी त्याच क्षणी होकार ठरवून टाकला.

घोळ होता तो सासरचा. माझी आई म्हणाली होती, “ऑपरेशन म्हटलं की शंभर प्रश्न येतील, तू नको बोलूस, जावयांनाच सांगू दे.” आणि जावई म्हणाले होते, “आईला मी योग्य वेळी सांगतो.” पाच महिने झाले तरी योग्य वेळ काही त्याला गाठता आली नव्हती. मिरजेला गेलो की मी जेमतेम अर्धी पोळी खायची, सासूबाई माझ्या ताटाकडे बघायच्या आणि काही न बोलता उठून जायच्या. मला वाटायचं, शांत स्वभावाच्या आहेत. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, अंगानं काटकुळी, नजर मात्र वहीतली चूक शोधणारी.

असो. तर महिनाभर आम्ही पुण्याच्या घरात फुगडीचा सराव केला होता. सतरंजी गुंडाळायची, टीपॉय स्वयंपाकघरात न्यायचं आणि अर्धी चड्डी घातलेल्या श्रीरंगचे हात धरून गोल गोल फिरायचं. खालचे काका दोनदा वर येऊन विचारून गेले, “गिरणी बसवलीय का?” पण मला गिरक्या येत होत्या. वीस यायच्या, पंचवीस यायच्या. मी तयार होते!

पूजा मस्त झाली. आम्ही पाच नव्या लग्नाच्या मुली ओळीनं बसलो होतो. सोळा प्रकारची पत्री, दिवे, कहाणी, आरती. दोन तास मांडी घालून बसले आणि भिंतीचा आधार न घेता उठले. शेजारची मुलगी पाय आखडला म्हणून कण्हत होती आणि मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

मग जेवण. मंगळागौरीला पूजा केलेल्या मुलींनी मुक्यानं जेवायचं असतं. पहिला घास घेतल्यापासून शेवटी तुळशीचं पान तोंडात टाकेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. पाचही जणींनी एकदमच उठायचं आणि पानात काही टाकायचं नाही. हे मला ठाऊक होतं आणि मला तर ते फारच सोयीचं वाटलं होतं. न बोलता, सावकाश, चावून खायचं. माझ्या डॉक्टरांनी दुसरं काय शिकवलं होतं? बाकीच्या चौघींना शिक्षा, मला रोजचंच.

माहेरच्या मंगळागौरीला आईनं माझं पान आधीच बेतानं वाढलं होतं. त्यामुळे मुक्यानं जेवायचं म्हणजे वाढणारीला ‘पुरे’ म्हणता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मिरजेत वाढायला इंदूआत्या होत्या.

इंदूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. वय सत्तर, आवाज खणखणीत, हात सढळ. अख्ख्या नात्यात त्यांच्या आग्रहाची दहशत होती. त्यांच्या पंगतीतून माणूस स्वतःच्या पायानं उठला तर त्यांना अपमान वाटायचा.

केळीच्या पानावर वरणभात, अळूची भाजी, कटाची आमटी, पंचामृत आणि आधीच एक पुरणपोळी होती. मी भाताचे दोन घास घेतले, भाजी चाखली आणि पोळीचा तुकडा मोडला. अहाहा! मऊसूत, जायफळाचा वास, वर साजूक तूप. अर्धी पोळी मी देवीसमोर बसून खावी तशी भक्तीनं खाल्ली. पंधराच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी पट्टा जरा आवळला होता. वाटी भरली. उरलेली अर्धी हळूहळू संपवता येईल, वेळ आहे, असा हिशेब करत होते तेवढ्यात पानावर धप्पकन दुसरी पोळी पडली.

मी वर पाहिलं. इंदूआत्या.

मी मान हलवली. दोन्ही हात पानावर आडवे धरले.

“लाजू नकोस,” आत्या म्हणाल्या आणि माझ्या बोटांवरूनच तुपाची धार सोडली. “नव्या नवरीनं असं करायचंच असतं. मीपण करत होते.”

मी डोळे मोठे केले. हात जोडले. पोटाकडे बोट दाखवलं.

“बघा गं बघा, पोट दाखवतीय! भूक लागलीय पोरीला!” आणि तिसरी पोळी.

पंगतीत हशा पिकला. माझ्या शेजारच्या चौघी खाली मान घालून खिदळत होत्या, आवाज न करता. मी दाराकडे बघून श्रीरंगला शोधलं, तर तो बाहेर पुरुषांच्या घोळक्यात. समोर बायका आमच्या उठण्याची वाट बघत उभ्या. पानात टाकायचं नाही. एकटीनं उठायचं नाही. आणि माझ्या हातून ती चूक झाली. मी विचार केला, एकच मोठा घास घेऊन दाखवू, म्हणजे आत्यांचं समाधान होईल आणि त्या पुढे जातील. घेतला. घाईत, नीट न चावता.

तो अडकला.

पट्टा असलेल्या माणसाला हे बरोबर कळतं. छातीच्या मधोमध मूठ ठेवल्यासारखं होतं, तोंडात पाणी सुटायला लागतं. जीवाला धोका नसतो, शांतपणे उठून गेलं, घास परत आला की दोन मिनिटांत सगळं ठीक. पण उठणार कसं? आणि आत्या माझ्या समोर परत आल्या होत्या, या वेळी दुधाचं भांडं घेऊन.

“कोरडी लागतीय होय? थांब, दुधाशी खा.”

दूध! वरून दूध गेलं असतं तर सगळ्या पंगतीसमोर शोभा झाली असती, आणि मग कसली फुगडी, संध्याकाळपर्यंत मी अंथरुणात. भांडं तिरकं झालं. दुधाची धार सुटणार एवढ्यात मी ओरडले.

“आत्या, नको! माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय!”

पंगत गप्प झाली. चौघी मुक्या होत्याच, आता बाकीच्या साठ जणीही झाल्या. आत्यांच्या हातातलं भांडं तसंच तिरकं राहिलं आणि दूध रांगोळीवर सांडत राहिलं. मी पदर तोंडाला लावून पळत सुटले.

दोन मिनिटांत मी बरी झाले, ते सांगितलंच. चूळ भरली, तोंड धुतलं, आरशात पाहिलं. नथ सरळ केली. बाहेर आले तर न्हाणीघराच्या दाराशी सासूबाई उभ्या होत्या.

“चल,” त्या म्हणाल्या.

कार्यालयाच्या ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत मला गादीवर बसवलं. इंदूआत्या पाठोपाठ आल्या. श्रीरंगला बोलावणं गेलं, तो भज्याचा घास गिळत आला.

“सांग,” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

मी सांगितलं. पट्टा, झडप, वाटी, सगळं. आत्या ‘अगं बाई, अगं बाई’ करत ऐकत होत्या. माझं सांगून झाल्यावर त्यांनी आईनं धास्ती घेतलेल्या शंभर प्रश्नांतला पहिला विचारलाच.

“आणि मूलबाळ?”

“होतं की आत्या. उलट आता सोपं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या वेळी पट्टा सैल करून देतात.”

सासूबाईंनी मान वळवली. “श्रीरंग, तुला माहीत होतं?”

“हो. म्हणजे मी योग्य वेळी तुला…”

“दर पंधरा दिवसांनी मी हिच्यासाठी डबाभर बेसनाचे लाडू पाठवतीय. ते कुठं गेले?”

श्रीरंगनं खाली, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पाच महिन्यांत तो सहा किलोनं वाढला होता. एरवी मी हसून लोळले असते. पण सासूबाईंचा चेहरा बघितला आणि माझं हसू विरून गेलं.

“मला वाटायचं,” त्या सावकाश म्हणाल्या, “माझ्या हातचं हिला आवडत नाही.”

इतकं वाईट मला त्या आख्ख्या दिवसात वाटलं नव्हतं. पाच महिने ही बाई माझ्या ताटातली उरलेली अर्धी पोळी बघून स्वयंपाकघरात जात होती आणि स्वतःला नापास करत होती. आणि मी स्वतःच्या भीतीत इतकी गुंग की मला दिसलंच नाही.

“अहो आई,” मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं, “तुमच्या आमटीसाठी मी बाकीचे पदार्थ सोडते. मला चारच घास मिळतात हो. त्यातले तीन तुमच्या आमटीचे असतात.”

त्यांनी मला पदरानं डोळे पुसू दिले. मग इंदूआत्याच खाकरल्या. “मीच मेली. तिसरी पोळी वाढत होते. पोरगी पोट दाखवतीय आणि मी हसतीय.”

“मौन मोडलं ते?” मी घाबरत विचारलं.

“घास अडकल्यावर बोलायचं नाही, असं कुठल्या देवीनं सांगितलंय?” सासूबाई म्हणाल्या. आत्यांनी बाहेरून तुळशीचं पान आणून माझ्या हातावर ठेवलं. “चावून खा हां,” त्या म्हणाल्या. “हवा तेवढा वेळ घे.”

मला हुश्श झालं. सगळं निभावलं, असं वाटलं. आणि नेमकं तेव्हा आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, “आता संध्याकाळी तू खेळू नकोस बाई. पोटात परकी वस्तू आहे. भिंतीशी बस. गाणी म्हण.”

“आत्या, मला काही होत नाही! मी पोहते, टेकडी चढते…”

“असू दे. नस्ती जोखीम कशाला?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. “बस आज. मला काळजी वाटेल.”

रागावल्या असत्या तर मी भांडले असते. काळजीशी कसं भांडायचं? तरी मी बोलले. हळदीच्या तबकाचं सांगितलं. एकवीस वर्षं टाळ्या वाजवल्याचं सांगितलं. “मी हे सगळं बारीक दिसायला नाही केलं, आई. मला उठून मधे जायचं होतं,” असं म्हणाले. सासूबाईंनी ऐकून घेतलं, श्रीरंगला खुणेनं बाहेर बोलावलं आणि त्या निघून गेल्या. झालं, म्हटलं मी. पुण्याच्या गिरणीची मेहनत पाण्यात गेली.

चार वाजता खेळ सुरू झाले. मी शहाण्या सुनेसारखी भिंतीशी बसले. झिम्मा रंगला. पिंगा झाला. एका काकूंनी सूप असं नाचवलं की शिट्ट्या वाजल्या. मी टाळ्या वाजवत होते, तोंडभर हसत होते. समोर मुली पायाचे अंगठे धरून गाठोडं होऊन लोळत होत्या, आणि माझे पाय आपोआप, बसल्या बसल्या, ठेका धरत होते. मला येत होतं! नव्हतं येत तेव्हा बसले ते ठीक होतं. आता येत असून बसायचं, याचा मला इतका राग आला की टाळी चुकली.

तेवढ्यात माझ्यासमोर दोन पाय येऊन उभे राहिले. काष्टा घट्ट मारलेला, पदर खोचलेला. वर पाहिलं तर सासूबाई.

“ऊठ.”

“पण तुम्ही तर…”

“तुझ्या डॉक्टरांना फोन लावला. श्रीरंगकडून नंबर घेऊन. ते ऑपरेशनमध्ये होते, मी दीड तास थांबले.” त्या किंचित धापा टाकत होत्या. “त्यांना विचारलं, फुगडी चालेल का. आधी त्यांना फुगडी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. मग म्हणाले, बसवून ठेवलंत तर मात्र माझ्याकडे पाठवू नका.”

“वहिनी, अगं,” इंदूआत्या भिंतीकडून ओरडल्या, “तू कशाला? तुझं वय काय, अंगावर मांस किती! एखाद्या तरुण पोरीला दे की तिच्याबरोबर!”

“मीच खेळणार,” सासूबाई म्हणाल्या. “हात दे गं.”

मी उठले. हॉलच्या मधोमध गेलो. बायकांनी कडं केलं. आम्ही हात आडवे करून एकमेकींचे धरले, पायाचे चवडे जुळवले. गाणं सुरू झालं. आम्ही फिरायला लागलो.

आणि फिरता येईना! पुण्यात पंचवीस गिरक्या मारणारी मी, मिरजेत अडखळले. श्रीरंग माझ्याहून वजनदार, त्याच्यासमोर मी बिनधास्त मागे रेलत असे. पण समोर ही पंचेचाळीस किलोची बाई. मला पुन्हा ते तबक दिसायला लागलं. मी ताठ उभी राहून, नुसते पाय आपटत, त्यांना सांभाळत फिरत होते. दोन फेऱ्यांतच आमचे पाय एकमेकींत अडकले.

“मागे झुक,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही पडाल.”

“मी पडेन की नाही ते मी बघीन. तू झुक.”

“आई, माझं वजन…”

“मला वजनाचं गणित येतं,” त्या एकदम कडाडल्या, वर्गात कडाडाव्यात तशा. “पाच महिने माझ्यापासून लांब उभी राहिलीस. सांगितलं नाहीस, विचारलं नाहीस. आता पुरे. भार टाक माझ्यावर. टाक!”

मी डोळे मिटले आणि झुकले.

धरलं त्यांनी. त्या काटकुळ्या मनगटांत काय ताकद होती देव जाणे! आमच्या दोघींच्या मधोमध काहीतरी ताठ झालं, जुळलं, आणि आम्ही सुटलो. एक गिरकी, दोन, पाच, दहा. कडं करून उभ्या असलेल्या बायकांच्या साड्यांचे रंग एकमेकांत मिसळले. बांगड्या वाजत होत्या, नथ गालावर आपटत होती, आणि मी हसत होते, मोठमोठ्यानं, वेड्यासारखी. तेव्हा मला कळलं की एकवीस वर्षं मला फुगडी हवी होती ती कशासाठी. गिरकीसाठी नाही. मी आयुष्यभर माझा भार एकटीनं, चोरून, सगळ्यांची माफी मागत वाहिला होता. तो कुणाच्या तरी हातांवर बेधडक टाकता यावा आणि त्या माणसानं तो धरावा, एवढंच मला हवं होतं.

“किती होतं गं?” फिरता फिरता सासूबाईंनी ओरडून विचारलं.

“काय?”

“वजन! ऑपरेशनच्या आधी! बरोबर आकडा सांग!”

हा आकडा मी नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता. दवाखान्याच्या फायलीतलं ते पान मी फाडून टाकलं होतं.

“एकशे बारा!” मी जीव खाऊन ओरडले.

आणि गाणं नेमकं त्याच क्षणी संपलं होतं. आकडा वरच्या पंख्यापर्यंत गेला. सत्तर बायकांनी ऐकला, वाढप्यांनी ऐकला, आठ वाजायच्या आधीच दाराशी किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या कार्यालयवाल्यानं ऐकला. कुणी हसलं नाही. आम्ही थांबलो. समोर सासूबाईंचा चेहरा लालबुंद, कुंकू विस्कटलेलं, केसांचा अंबाडा सुटलेला.

“एकशे बारा,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “तेव्हा आली असतीस तरी धरलं असतं.”

मग त्यांनी हात न सोडता मान वळवली आणि भिंतीकडे बघून ओरडल्या, “गाणं का थांबवलंत गं? आमचं अजून खेळून झालेलं नाही!”